वंशावळीत न लिहिलेली आई

१

वंशावळ म्हणजे बापांची यादी. भाटाची चोपडी उघडा, वतनाचे कागद उघडा, त्र्यंबकच्या उपाध्यायांच्या वह्या उघडा. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा. असं वर वर चढत जातं आणि शेवटी एखाद्या राजाला, एखाद्या ऋषीला, नाहीतर थेट सूर्याचंद्राला जाऊन चिकटतं. ज्याची यादी लांब तो मोठा. ज्याला यादी नाही तो कोण? तर कुणीच नाही.

महारवाड्याच्या, मांगवाड्याच्या वाट्याला अशी यादी आली नाही. आली ती येसकरकीच्या पाळीची, वतनाच्या भांडणाची, कज्जेदलालीतल्या अंगठ्याची. म्हणून तुम्हाला इतिहास नाही, असं शहाणी माणसं आपल्याला सांगत आली. पण जरा नीट बघा. ज्यांच्याकडे वीस पिढ्यांची यादी आहे त्यांच्या यादीतसुद्धा एक बाई सापडत नाही. पोटं कुणाची फाटली? बाळंतपणात मेल्या कोण? रात्र रात्र जागल्या कोण? आणि नाव मात्र बापाचं. म्हंजे वंशावळ हा अर्धा कागद आहे. अर्धा कागद फाडून टाकलेला आणि उरलेल्या अर्ध्याला हे लोक कुळाचा अभिमान म्हणतात.

आमचं केंदूर घ्या. शिरूर तालुक्यातलं, पाबळजवळचं, वेळ नदीच्या काठचं गाव. इथल्या कुठल्याही आळीतल्या म्हातारीला विचारा, बाई, तुझ्या आईचं माहेरचं नाव काय? ती सांगेल. आईच्या आईचं? आठवून सांगेल. तिच्या आईचं? इथं ती थांबते. पाटलाची म्हातारी थांबते, कुलकर्ण्याची थांबते, बौद्धवाड्यातली थांबते. या एका ठिकाणी सगळ्या आळ्या सारख्या. सरकारच्या कागदावर आई यायलासुद्धा २०२४ साल उजाडावं लागलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग बापाचं आणि शेवटी आडनाव, असा नियम महाराष्ट्र शासनाने केला. त्याच्या आधीच्या हजारो वर्षांच्या आया गेल्या त्या बिननावाच्या गेल्या.

पण त्या पुसल्या गेल्या नाहीत. भाटाने लिहिलं नाही, तलाठ्याने लिहिलं नाही, तरी त्यांची नोंद राहिली आहे. ती आपल्या प्रत्येकाच्या अंगात आहे. ती कशी वाचतात, वाचल्यावर जातीबद्दल काय कळतं आणि काय कळत नाही, हे नीट समजून घेतलं पाहिजे. कारण आज डीएनएचं नाव घेऊन कुणीही काहीही बोलतो. भाषणात बोलतो, मोबाईलवर बोलतो. आपली पोरंही बोलतात.

२

माणसाचं शरीर पेशींचं. पेशीच्या मधोमध केंद्रक आणि त्यात गुणसूत्रांच्या तेवीस जोड्या. जोडीतलं एक आईचं, एक बापाचं. पुढच्या पिढीला जाताना ही पत्त्यांसारखी पिसली जातात. त्यामुळे दहा पिढ्यांनी कुठलं पान कुणाचं हे सांगणं अवघड होतं.

पण केंद्रकाच्या बाहेर, पेशीतच, बारीक बारीक कण असतात. त्यांना मायटोकॉन्ड्रिया म्हणतात, शाळेच्या पुस्तकात तंतुकणिका. हे पेशीचं वीजघर. खाल्लेल्या भाकरीची ताकद इथं होते. गंमत अशी की या वीजघराचा स्वतःचा वेगळा छोटासा डीएनए असतो, कड्यासारखा गोल. त्यात १६,५६९ अक्षरं आणि ३७ जनुकं. १९८१ साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी तो पहिल्यांदा सगळाच्या सगळा वाचून काढला.

हा कडा पिसला जात नाही. तो येतो फक्त आईकडून. बापाच्या शुक्राणूतले कण गर्भ ठरल्यावर नाहीसे होतात, राहतात ते आईच्या बीजातले. मुलगा असो की मुलगी, दोघांनाही आईचाच कडा मिळतो. पण पुढे देते ती फक्त मुलगी. मुलाचा कडा त्याच्याबरोबर सरणावर जातो.

जात्यावरची ओवी आठवा. आई दळताना म्हणायची, मांडीवरची मुलगी ऐकायची. मुलगी सासरी गेली की ओवी तिच्याबरोबर जायची, तिच्या मुलीकडे जायची. मधेच एखादीच्या तोंडात एखादा शब्द बदलायचा. मग तिच्या लेकी, लेकींच्या लेकी तोच बदललेला शब्द म्हणत राहणार. आता समजा दहा गावांतल्या दहा बायांनी तीच ओवी म्हटली आणि त्यातल्या चौघींच्या तोंडी तोच एक बदललेला शब्द आला. म्हणजे या चौघींना ओवी एकाच बाईकडून आली, हे कुणीही सांगेल. शब्द जितके जास्त बदललेले, तितकी त्या बाईला होऊन गेलेली वर्षं जास्त. मायटोकॉन्ड्रियाचा कडा असाच आहे. हजारो वर्षांत त्यातलं एखादं अक्षर बदलतं. त्या बदलांवरून कोण कुणाची लेक हे मागे मागे शोधत जाता येतं.

३

हे काम जगभरच्या माणसांवर पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर केलं ते रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन या तिघांनी, अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठात. त्यांचा लेख ‘नेचर’मध्ये छापून आला तो १ जानेवारी १९८७ रोजी. १ जानेवारी ही तारीख आमच्या तालुक्याला कुणी शिकवायला नको. १८१८ साली याच दिवशी भीमेच्या काठी कोरेगावला लढाई झाली आणि १९२७ साली याच दिवशी बाबासाहेब तिथल्या स्तंभाला मानवंदना द्यायला आले. हा नुसता तारखांचा योगायोग, त्यातून काही सिद्ध होत नाही. लक्षात मात्र चांगली राहते.

त्या तिघांनी १४७ माणसांचे नमुने तपासले. आफ्रिकेचे, आशियाचे, युरोपचे, ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींचे, न्यू गिनीचे. आणि बहुतेक नमुने कशातून घेतले? वारेतून. बाळ बाहेर आल्यावर मागून जी वार पडते, तिच्यातून.

इथं थांबायला पाहिजे. आपल्याकडे वार कुणी उचलायची? कितीतरी गावांत सुईण मांगवाड्यातली असायची. वाड्यातल्या बाईच्या कळा सुरू झाल्या की रात्री-अपरात्री तिला बोलावणं जायचं. बाळ पहिल्यांदा पडायचं ते तिच्या हातात. नाळ तीच कापायची, वार तीच पुरायची. बारसं झालं की तोच हात पुन्हा विटाळाचा. ज्या बाळाला तिने पहिला श्वास घ्यायला लावला, ते मोठं होऊन तिच्या सावलीला बाटायचं. विटाळाची म्हणून जी वस्तू खालच्या जातीच्या हाती देऊन मातीत गाडायला लावली, तिच्यातून शास्त्रज्ञांनी सगळ्या मानवजातीची आई शोधून काढली.

निष्कर्ष काय निघाला? आज पृथ्वीवर जितकी माणसं आहेत, त्या सगळ्यांचे आईकडचे धागे मागे नेत गेलं तर ते आफ्रिकेतल्या एका बाईपाशी एकत्र येतात. काळ सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीचा. या लेखावर टीकाही झाली. आफ्रिकेच्या नावाखाली घेतलेले बहुतेक नमुने अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे आहेत, झाड मांडण्याची रीत कच्ची आहे, असे आक्षेप आले. मग पुढे जास्त नमुने घेऊन, सगळा कडा वाचून पुन्हा काम झालं. तारखा थोड्या इकडेतिकडे सरकल्या, आता दीड ते दोन लाख वर्षं असं धरतात. पण मूळ आफ्रिकेत, ही गोष्ट टिकली. शास्त्राची हीच रीत. वेद म्हणून कुणी मान्य केलं नाही, उलट तपासणी केली आणि मग मानलं.

वर्तमानपत्रांनी तिला ‘ईव्ह’ नाव दिलं आणि घोटाळा केला. लोकांना वाटलं तेव्हा जगात एकच बाई होती. तसं नाही. तेव्हा इतर हजारो बाया होत्या. कुणाला मुलंच झाली नाहीत, कुणाला नुसते मुलगे झाले, कुणाच्या लेकीला लेक झाली नाही. त्यांचे आईकडचे धागे वाटेत तुटले. त्यांचं बाकीचं रक्त मुलग्यांकडून आपल्यात आलेलं असू शकतं, फक्त कडा आला नाही. गावात एखाद्या घरी मुलीच झाल्या की ते आडनाव बुडतं, माणसं बुडत नाहीत. हे त्याच्या उलटं. ती बाई पहिली नव्हती, श्रेष्ठ नव्हती, देवाने घडवलेली तर मुळीच नव्हती. तिचा धागा तुटला नाही इतकंच. मोठेपणाचा त्यात काही संबंध नाही आणि मला तर हेच फार आवडतं. सगळ्यांची आई, पण जयंती नाही, देऊळ नाही, पुजारी नाही.

४

आता आपल्या देशात येऊ. साठ-सत्तर हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेतून काही माणसं बाहेर पडली. आफ्रिकेबाहेरच्या सगळ्या जगाच्या आया दोन मोठ्या शाखांत बसतात. शास्त्रज्ञांनी त्यांना एम आणि एन अशी अक्षरं दिली आहेत. भारतातल्या साठ टक्क्यांच्या आसपास माणसांचा आईकडचा धागा एम शाखेचा. त्याच्या इथल्या फांद्या इतक्या जुन्या आणि इतक्या वेगवेगळ्या की त्या इथेच हजारो वर्षं वाढल्या असणार.

यात जातीचं काय? १९९९ आणि २००३ साली टूमास किविसिल्ड आणि त्यांच्याबरोबरच्या शास्त्रज्ञांनी भारतातल्या आदिवासींचे आणि जातींचे आईकडचे धागे एकत्र मांडले. सगळ्यात जुन्या फांद्या दोन्हींकडे सापडल्या. म्हणजे ज्या बाया इथं आधी येऊन राहिल्या त्यांच्या लेकींच्या लेकी आज पाड्यावरही आहेत आणि अग्रहारातही आहेत. प्रमाण कमीजास्त, पण आई तीच.

२००१ साली मायकेल बामशाद आणि त्यांच्या गटाने आंध्रातल्या विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या जातींवर एक लेख लिहिला. त्यात बापाकडच्या धाग्यावर, म्हणजे वाय गुणसूत्रावर, वरच्या जाती युरोपकडच्या लोकांना जास्त जवळच्या दिसल्या. पण आईकडच्या धाग्यावर सगळ्याच जाती आशियाच्या बाजूला झुकल्या. शिवाय असं दिसलं की बाया जातीच्या उतरंडीत थोड्याफार वर सरकल्या, पुरुष सरकले नाहीत. आता मनूचा नियम आठवा. वरच्या पुरुषाने खालची बाई करणं, ते अनुलोम, ते चालवून घेतलं. खालच्या पुरुषाने वरची बाई करणं, ते प्रतिलोम, त्याच्या पोरांना चांडाळ ठरवलं. धर्मग्रंथातला कायदा असा रक्तात सापडतो.

कोकणात याचं एक चांगलं उदाहरण आहे. अलिबागजवळ नवगावला जहाज फुटलं आणि त्यातून वाचलेल्या ज्यूंपासून आपण झालो, असं बेने इस्राएल समाज सांगतो. तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. या समाजातही दोन भाग होते, गोरे आणि काळे. ज्याच्या घराण्यात इथली बाई आली तो काळा. गोरे काळ्यांशी सोयरीक करत नसत. इथल्या हवेत राहून जात कुणाला चिकटली नाही? २००८ साली ज्यूंच्या आईकडच्या धाग्यांचा मोठा अभ्यास झाला. त्यात बेने इस्राएलांचे बहुतेक धागे इथलेच निघाले. पुढे २०१६ साली सगळा डीएनए तपासला तेव्हा ज्यू पूर्वजही सापडले आणि इथलेही सापडले. म्हणजे समाजाची कथा खोटी नव्हती, अर्धी होती. बाप समुद्रातून आले असतील, आया मात्र किनाऱ्यावरच उभ्या होत्या. ज्या आईवरून काळा ठरवायचं, ती आई जवळजवळ सगळ्या समाजाच्याच मुळाशी बसलेली.

आणि आमचा शिरूर तालुका? केंदूरची वेळ नदी भीमेला मिळते, तशी तालुक्यातली घोड नदीही भीमेलाच मिळते. या घोडेच्या काठी इनामगाव आहे. तिथं पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकळिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळात तिथं शेतकऱ्यांचं गाव होतं. दोनशेहून जास्त दफनं सापडली, त्यात लहान मुलांची फार. मूल गेलं की घराच्याच जमिनीत खड्डा करायचा, दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवायची आणि त्यात मूल ठेवायचं. पोटासारखा आकार. मोठ्या माणसाला पुरताना घोट्याखालून पाय तोडलेले. का तोडले, यावर विद्वान वाद घालोत. पण आपलं मेलेलं लेकरू घराबाहेर टाकवत नाही, म्हणून झोपायच्या जागेखाली ठेवणारी ती आई आपल्याला ओळखू येते. त्याच गावात झाकणबंद मातीच्या पेटीत ठेवलेली एक बाईची मूर्ती मिळाली, तिला डोकं नाही.

इनामगावात सगळे समान होते असं कुणी समजू नये. गावाच्या मधोमध मोठ्या शेतकऱ्यांची घरं, पाच खोल्यांचं एक मुखियाचं घर, कारागीर कडेला, असं ढवळीकरांनी मांडलं आहे. उंचनीच होतं. पण त्या हाडांवर जात लिहिलेली नाही. हा पाटील, हा महार, हा जोशी, असं सांगणारं हाड कुठल्याच मातीतून निघालेलं नाही.

उष्ण हवेत जुन्या हाडांतला डीएनए टिकत नाही. याच डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंद्यांच्या गटाने हरियाणातल्या राखीगढीला सिंधू संस्कृतीची स्मशानभूमी खणली. तिथल्या ६१ नमुन्यांवर प्रयत्न झाले, त्यातून कामापुरता डीएनए मिळाला फक्त एकाचा. ती बाई होती. चारएक हजार वर्षांपेक्षा जुनी. तो लेख २०१९ साली छापून आला. तिचा आईकडचा धागा यू-टू-बी-टू या फांदीचा. ही फांदी आजही भारतात आहे. सिंधूच्या एवढ्या नगरांचा, विटांचा, मुद्रांचा गाजावाजा झाला. पण पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलली ती एक बाई, तिचं नाव कुणाला माहीत नाही.

५

मग जर आया एकच, तर जात आली कुठून?

९ मे १९१६. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गात पंचवीस वर्षांचा एक विद्यार्थी निबंध वाचतो. भीमराव आंबेडकर. विषय, भारतातल्या जाती, त्यांची यंत्रणा, उगम आणि विकास. त्या काळात मोठे मोठे साहेब जातीचं मूळ रक्तात, रंगात, वंशात शोधत होते. हा तरुण म्हणाला, ते तिथं नाही. जातीचं मर्म एकच, जातीतल्या जातीत लग्न. इथल्या लोकांचं रक्त सरमिसळ झालेलंच आहे, त्यांच्यावर ही कुंपणं मागून घातली गेली. आणि कुंपण टिकवायचं कसं? बाईला कोंडून. नवरा मेला आणि बाई उरली तर ती कुंपण ओलांडेल, म्हणून सती. जाळता येत नसेल तर सक्तीचं वैधव्य. आणि कळायच्या आत लग्न, म्हणजे बालविवाह. जातीची भिंत बाईच्या अंगावर उभी केली आहे, हे बाबासाहेबांनी तेव्हा सांगितलं. तेव्हा डीएनएचा आकारही कुणाला माहीत नव्हता.

आता शास्त्र काय म्हणतं ते बघा. २०१३ साली प्रिया मूरजानी, हैदराबादचे कुमारस्वामी थंगराज, डेव्हिड राइश आणि इतरांनी ७३ समाजांतल्या ५७१ माणसांचा डीएनए तपासला. दिसलं असं की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशात जबरदस्त मिसळ झाली. भिलांपासून ब्राह्मणांपर्यंत मुख्य भूमीवरचा जवळजवळ कुठलाच समाज तिच्यातून सुटला नाही. आणि नंतर मिसळ थांबली. २०१६ साली पार्थ मजुमदार यांच्या कल्याणीच्या संस्थेतल्या गटाने दुसऱ्या रीतीने मोजलं. वरच्या जातींत बाहेरची सोयरीक बंद झाली ती सुमारे सत्तर पिढ्यांपूर्वी, म्हणजे पंधराशे-पावणेसोळाशे वर्षांमागे. गुप्तांचा काळ. ज्याला शाळेच्या पुस्तकात सुवर्णयुग म्हणतात तो. बाबासाहेबांनी १९४८ च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात अस्पृश्यतेचा जन्म इसवी सन ४०० च्या आसपास ठेवला होता. जातीतलं लग्न आणि अस्पृश्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यामुळे शास्त्राने बाबासाहेबांची तारीख सिद्ध केली, अशी उडी आपण मारू नये. पण दोन वेगळ्या वाटांनी चाललेली माणसं एकाच काळापाशी येऊन उभी राहतात, याची नोंद घ्यायला हरकत नाही.

हिशेब असा. दोन लाख वर्षांची एक आई. साठ हजार वर्षांच्या या भूमीवरच्या आया. आणि दीड-दोन हजार वर्षांची भिंत. साठ हजार वर्षं म्हणजे एक दिवस धरला तर भिंत शेवटच्या तासाभरातली आहे. सनातन म्हणून आपल्याला जे सांगितलं ते असं कालपरवाचं आहे. माणसांनी घातलं, माणसांना काढता येतं.

पण भिंत जुनी नाही म्हणून ती कच्ची आहे असं नाही. २०११-१२ च्या देशभरच्या एका पाहणीत जातीबाहेरची लग्नं शंभरात पाचच्या आसपास निघाली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्याला २०१४ साली शाळेत जाणाऱ्या एका दलित पोराचा खून झाला, वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून. २०१७ साली खालच्या कोर्टात सगळे आरोपी सुटले. आईकडच्या धाग्याने ती मुलगी आणि तो मुलगा पंधरा-वीस हजार वर्षांमागे एकाच बाईचे निघालेही असते. मारणाऱ्यांना त्याची गरज नव्हती. भिंत राखायला रक्ताचा दाखला लागत नाही, बाईवर पहारा लागतो.

६

इथं आपल्या माणसांशी थोडं स्पष्ट बोललं पाहिजे.

आपल्यातली काही मंडळी २००१ चा तो आंध्रातला लेख हातात घेऊन सांगतात, बामन परदेशी, हे डीएनएने सिद्ध झालं, आपण मूलनिवासी. सभेत टाळ्या पडतात. पण त्याच लेखातलं आईचं पान कुणी वाचून दाखवत नाही. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून चार-साडेतीन हजार वर्षांपूर्वी लोक आले, त्यांत पुरुष जास्त होते, हे २०१७ आणि २०१९ च्या संशोधनांतून पुढे आलं आहे. उत्तरेतल्या ब्राह्मणांत त्यांचा अंश जास्त आहे, हेही खरं. म्हणजे बाहेरून कुणी आलंच नाही, आम्ही इथलेच अनादि, असं सांगणारे खोटं बोलतात. पण तो अंश थोडाफार पुष्कळ जातींत आहे, आपल्यातही असू शकतो. आणि ब्राह्मणाच्या घरातली आई बहुतेक वेळा इथलीच आहे. मग तिला कुठल्या देशात पाठवणार?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. समजा उद्या उलटा निकाल लागला. समजा कुणी सिद्ध केलं की आपण मागून आलो, ते आधीचे. मग काय, आपला पाण्यावरचा हक्क गेला? जमिनीवरचा गेला? माणूस म्हणून जगायचा हक्क आधी येण्यावर असतो का? चवदार तळ्याचं पाणी आपण कुठल्या वंशाच्या दाखल्यावर प्यालो नाही. माणूस म्हणून प्यालो.

मोजमापाचा हा खेळ जुना आहे. १९०१ च्या जनगणनेचा साहेब रिस्ले नाकं मोजत होता. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा त्याचा सिद्धांत. बाबासाहेबांनी १९४८ साली तीच नाकाची मापं घेतली आणि साहेबाच्याच तराजूत घालून दाखवली. ती मापं खरी मानली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हा त्यांचा निष्कर्ष. मोजणाऱ्यांतही सगळे सारखे नव्हते. इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर कवटीतून वंशाचा श्रेष्ठपणा काढायला बसले होते. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा फरक दिसत नाही असं लिहून दिलं. पुढे पुण्यात येऊन त्यांनी महाराष्ट्रातल्या जातींची मापं घेतली. १९७२ साली रिचर्ड लेवॉन्टिन या अमेरिकन शास्त्रज्ञाने हिशेब मांडला की माणसामाणसांतल्या जनुकांच्या फरकांपैकी ८५ टक्के फरक एकाच समाजाच्या आतले असतात. म्हणजे वंशावंशात उरतो तो थोडका. बाबासाहेबांनी वंशाची शिडी आपल्याला उलटी लावून दिली नाही. त्यांनी ती मोडली. ती पुन्हा जुळवून तिच्यावर आपण चढायचं, हा विद्रोह नव्हे. ती नक्कल आहे.

७

मग या शास्त्राचा आपल्याला उपयोग काय?

अर्जेंटिनातलं एक काम सांगतो. १९७६ ते १९८३ तिथं लष्कराची सत्ता होती. हजारो तरुण कार्यकर्ते उचलून नेले, मारले. त्यांतल्या गरोदर पोरींची तुरुंगात बाळंतपणं झाली, बाळं लष्करवाल्यांच्या घरी वाटली, आया नाहीशा केल्या. १९७७ साली त्या पोरींच्या आया एकत्र आल्या, आमची नातवंडं कुठं आहेत, असं विचारत चौकात उभ्या राहिल्या. आईबाप तर मारलेले, मग नातं सिद्ध कसं करायचं? वर ज्या ॲलन विल्सनचं नाव आलं, त्याचीच विद्यार्थिनी मेरी-क्लेअर किंग त्यांच्या मदतीला गेली. आईच्या आईचा आणि नातवंडाचा कडा एकच असतो. मधली बाई मारून टाकली तरी धागा तुटत नाही. या वाटेने त्या आज्यांनी १३० हून जास्त नातवंडं शोधून काढली. शास्त्र असं वापरायचं असतं. चोरलेलं माणूस परत मिळवायला, कोण शुद्ध ते ठरवायला नव्हे.

पेशवाईत पुण्याच्या रस्त्याने जाताना आपल्या पूर्वजांच्या गळ्यात गाडगं असायचं, थुंकी जमिनीवर पडून बाट होऊ नये म्हणून. आज लोक पैसे भरून, नळीत थुंकून, ती नळी प्रयोगशाळेत पाठवतात आणि आपले पूर्वज कोण ते विचारतात. तिथल्या यंत्राला थुंकी कुणाची ते कळत नाही. सदाशिव पेठेची नळी आणि गावकुसाबाहेरची नळी एकाच खाचेत बसतात आणि दोन्हींतून निघालेला धागा त्याच आफ्रिकेतल्या बाईपाशी जातो. आपण त्या चाचणीच्या मागे लागायची काही गरज नाही. उत्तर आपल्याला ठाऊक आहे. ते कळायला पैसे भरावे लागतात त्यांना, ज्यांचा वंशावळीवर विश्वास होता.

आपल्यासाठी काम वेगळं आहे आणि ते फुकट आहे. अभ्यासवर्गाला येणाऱ्या प्रत्येकाने एक कोरी वही घ्यावी. बापांची यादी करू नये, ती बाकीचे करतातच. घरातल्या, वस्तीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसावं. तिचं नाव, तिचं माहेरचं नाव, तिच्या आईचं, आईच्या आईचं, त्यांची गावं, किती बाळंतपणं झाली, किती लेकरं जगली, सुईण कोण होती, दुष्काळात कुठं गेल्या, कुणाच्या बांधावर राबल्या, बाबासाहेबांचं नाव पहिल्यांदा कुठं ऐकलं, हे तिच्या शब्दांत लिहून घ्यावं. बोली बदलू नये. केंदूरला करावं, पाबळला करावं, दौंडकडच्या वस्त्यांवर करावं. दोन नाहीतर तीन पायऱ्यांवर थांबावं लागेल. तिथं रेघ मारावी आणि लिहावं, इथून पुढच्या सगळ्यांच्या एकच.

या म्हाताऱ्या जाताहेत. त्यांच्या अंगातला कडा त्यांच्या लेकींत राहील, नावं मात्र राहणार नाहीत.